कमरेत बारीक झालेला ढोल

गुंजन दाभाडेचे दंड हा हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या मराठी माणसांचा सामायिक विषय होता. ही मुलगी डेल्फ्टला पीएचडी करते, मातीचा बांध पाण्याच्या रेट्याखाली नेमका कुठे फुगतो आणि कुठे खचतो हे शोधते, या देशाचा सखल भाग समुद्रात जाऊ नये म्हणून तिचाही थोडा हातभार लागतो आहे, याबद्दल तिला कुणी कधी चकार शब्द विचारला नव्हता. पण ती दारातून आत आली, की तिने बूट काढायच्या आधी शेरा तयार.

"काय गं, दंड चांगलेच भरलेत," हे मंजूषाकाकूंचं 'ये, बस' होतं.

आपल्या लोकांची ही एक खासियत आहे. पगार विचारायला हल्ली लाजतात, जात आडून आडून काढतात, पण दुसऱ्याच्या शरीरात मात्र चपलांसकट शिरतात. मुलगी बारीक असली तर 'खात नाहीस का', भरलेली असली तर 'किती खातेस', आणि मधलीच निघाली तर 'आधी बरी दिसायचीस'. यात माया असते म्हणे. असेल. पण असली माया दिवसातून दोनदा झाली की माणूस आरसा टाळायला लागतो, आणि ज्यांनी टाळायला लावला तेच मग विचारतात, हल्लीच्या मुलांना आत्मविश्वास कसा नाही.

गुंजनने यावर उपाय शोधला होता, फोनमध्ये. एक ॲप होतं. बोटाने ओढलं की दंड आत, चिमटीत धरलं की कंबर आत, वर सरकवलं की गालाची हाडं वर. दोन वर्षांत तिने फोनमध्ये एक दुसरी गुंजन उभी केली होती. तिचेच कपडे घालणारी, तिच्याच सायकलवर टेकून उभी राहणारी, पण निम्म्या मापाची. त्या गुंजनला लोक बदामाची चिन्हं पाठवायचे. ती कधी कुणाच्या घरी जात नसे, त्यामुळे तिला तोंडावर कुणी काही बोलतही नसे. सुखी होती बिचारी.

आता गंमत अशी, की ज्या दंडांची एवढी चर्चा, त्याच दंडांवर गावातलं मराठी ढोल-ताशा पथक उभं होतं. पथकप्रमुख आशुतोष रानडे दिवसा एका बँकेच्या सॉफ्टवेअरची काळजी वाहायचा आणि उरलेल्या वेळात पथकाची. ढोल त्याने पुण्याहून आणवले होते. सराव गावाबाहेर, शेतांच्या कडेला, फुलांच्या एका गोदामामागे चालायचा, कारण तिथे ऐकायला फक्त ट्यूलिपचे कंद होते आणि ते जमिनीखाली होते. आजवर पथक एकाच जागी वाजलं होतं: गणपतीत भाड्याने घेतलेला खेळाचा हॉल, तोही दारं-खिडक्या लावून. बंद खोलीत ढोल वाजवणं म्हणजे माठात डोकं घालून भांडण्यासारखं आहे. त्यामुळे गावाच्या उन्हाळी मिरवणुकीत यंदा पथकाला जागा मिळाली, तेव्हा आशुतोषचे डोळे खरोखर भरून आले. रस्त्यावर, उघड्या आभाळाखाली, परक्या माणसांसमोर पहिल्यांदा वाजणार होतं पथक.

"पुढच्या रांगेत मधे तू," तो गुंजनला म्हणाला.

"मी मागे वाजवते."

"मागे कशाला? मधे तू नसलीस की डावी बाजू एका गावाला जाते आणि उजवी दुसऱ्या. ठेका तुझ्या हातात राहतो. तो प्रतीक बघ, जिममध्ये जाऊन खांबासारखा झालाय, पण चौथ्या मिनिटाला हाताला मुंग्या येतात त्याच्या."

"आशुतोषदादा, पुढच्या रांगेचे फोटो काढतात."

आशुतोषला यातलं काही कळलं नाही. पण सहा महिन्यांच्या विनवण्यांनी मिळालेली जागा त्याला गमवायची नव्हती.

"बरं, काय पाहिजे बोल."

"फोटो कुठेही जाईल तो माझ्या हातून जाईल."

"जाऊ दे. त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं, हे वाक्य मराठी माणूस नेमकं खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणतो.

मिरवणूक समितीला पथकाचा एक फोटो हवा होता, पुस्तिकेत छापायला आणि मिरवणुकीच्या दिवशी ओळख पटवायला. रविवारी गोदामामागे पथक उभं राहिलं. पांढरे झब्बे, भगवे फेटे, कमरेला बांधलेले ढोल, मागे गोदामाची लांबलचक भिंत. फोटो झकास आला. गुंजनने संध्याकाळी डेल्फ्टला परतताना गाडीत तो उघडला आणि सवयीने आधी स्वतःला शोधलं. समूहाचा फोटो कुणीही असाच बघतो. वीस माणसांत एकच चेहरा असतो, बाकी सगळी पार्श्वभूमी.

लायडनला गाडी बदलेपर्यंत दंड आत गेले होते. डेल्फ्ट यायच्या आत कंबरही गेली. तिने फोटो पथकाच्या ग्रुपवर टाकला आणि निवांत झोपली.

सकाळी ग्रुपवर शंभर निरोप. कुणी पथकाबद्दल बोलत नव्हतं. प्रत्येकाचं एकच म्हणणं होतं: गुंजनचं जे केलंय ते माझंही कर.

पुढच्या शनिवारी आशुतोषच्या घरी फोटो टीव्हीवर लावला आणि सलूनमध्ये नंबर लागावेत तसे लोक बसले. आशुतोषच्या बायकोने चहा फिरवला. मंजूषाकाकूंचा नंबर पहिला. काकू पथकात झांज वाजवायच्या आणि मराठी मंडळाच्या चिटणीस होत्या.

"मला काही नको गं या वयात," त्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन म्हणाल्या. "हनुवटीखालचं तेवढं बघ. आणि ते बघतच आहेस तर जरा दंडही."

"तुमचे दंड, काकू?" गुंजनने एवढंच विचारलं.

"अगं, झब्बा ढगळ आहे तो."

आशुतोष म्हणाला, त्याचं ते पोट नव्हे, उभं राहण्याची पद्धत चुकली आहे, ती तेवढी सरळ कर. दूर नायमेखन शहरातून सरावाला येणाऱ्या प्रतीकला उलट हवं होतं. त्याचे दंड होते त्याहून मोठे करायचे होते. "नायमेखनच्या जिममधली पोरं बघतील," तो म्हणाला, आणि नायमेखनच्या पोरांना नीउ-व्हेनेपच्या मिरवणुकीशी काय देणंघेणं आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी आशुतोषचे वडील शशिकांतकाका उठले. काका पुण्याच्या कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, आणि पथकाचा ध्वज धरायला मिळाल्यापासून परत जायचं नावच काढत नव्हते.

"माझं काही करू नकोस," ते गंभीरपणे म्हणाले. "फक्त फेटा जरा मोठा कर. आणि एक अनुभवाचं सांगतो. अर्जाला लावायचा फोटो नेहमी आपल्यापेक्षा बरा असावा. साहेब माणूस बघत नाही, फोटो बघतो. माझ्या ओळखपत्रावर शेवटपर्यंत तिशीतला फोटो होता. कुणाची हिंमत झाली नाही विचारायची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फोटो रवाना झाला.

आता यात झालं काय, ते आधीच सांगितलं पाहिजे, कारण त्या खोलीत बसलेल्या एकाच्याही लक्षात ते आलं नाही, आणि त्यात तिघं इंजिनियर होते. ढोल कमरेला बांधतात. ॲपला कंबर कुठली आणि ढोल कुठला हे कळत नाही. तुम्ही कंबर चिमटीत धरली, की समोरचा ढोलही तिच्याबरोबर आत जातो. गुंजनचा ढोल मधोमध आवळून डमरू झाला होता. आशुतोषचं पोट सपाट झालं, तर त्याच्या ढोलाचा अर्धा भाग पोटाबरोबर नाहीसा झाला. काकूंची झांज वाटीएवढी उरली. प्रतीकच्या दंडांसोबत त्याच्या हातातलं टिपरू फुगून लाटण्याएवढं झालं आणि शेजारच्या माणसाचा कान लांबला. आणि या सगळ्यांच्या मागची गोदामाची भिंत लाटेसारखी डोलायला लागली. पण भिंत कोण बघतो? जो तो आपली हनुवटी बघत होता.

भिंत बघितली हेंकने.

हेंक मिरवणूक समितीचा स्वयंसेवक. साठी ओलांडलेला, उंच, आयुष्यभर रस्त्यांचं मोजमाप केलेला. या देशात कालवासुद्धा पट्टी ठेवून आखतात. तिथल्या मोजणीदाराला वाकडी भिंत दाखवणं म्हणजे आपल्याकडे एखाद्या काकूंना कच्चा भात वाढण्यासारखं आहे. त्याचा मेल आला. फोटोबद्दल आभार. फोटोत तुमच्यामागची इमारत तीन ठिकाणी फुगलेली आणि दोन ठिकाणी खचलेली दिसते. गोदामाचा मालक माझ्या ओळखीचा आहे, त्याला मी कळवलं आहे. तपासणी होईपर्यंत तिथे वाजवू नये. भिंत कशामुळे फुगली असावी याचाही विचार करावा.

म्हणजे मिरवणूक तोंडावर आणि सराव बंद.

आता कुणीतरी हेंकला एक ओळ लिहायची होती, की बाबा रे, भिंत सरळ आहे, फोटो वाकडा आहे. एवढंच. पण फोटो का वाकडा, हे लिहायचं तर आशुतोषचं पोट बाहेर येणार, काकूंची हनुवटी खाली येणार, प्रतीकचे दंड उतरणार. गुंजनने दोनदा विषय काढला. ग्रुपवर शांतता. एरवी शिळ्या पोळीचं काय करावं यावर दोनशे निरोप टाकणारा ग्रुप. शेवटी आशुतोषने लिहिलं, "एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या ढोलाने भिंत हलली असं हा डच माणूस मानतोय. हा आपल्या वादनाचा गौरव आहे." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. शशिकांतकाकांनी हे पुण्यातल्या तीन ग्रुपवर पुढे पाठवलं.

तपासणीसाला भिंतीत काही सापडलं नाही. बांध कुठे फुगतो यावर संशोधन करणारी मुलगी दोन आठवडे डेल्फ्टच्या आपल्या खोलीत उशीवर टिपरू आपटत सराव करत राहिली. आपण फुगवलेल्या भिंतीची एका सरळमार्गी माणसाने तपासणी करवली, या विचाराने तिला उशीवरही नीट मारता येईना.

हेंकचा दुसरा मेल त्याहून साधा होता. पुस्तिका छापायला गेली आहे. फोटोतल्या माणसांच्या कमरेवरून मी वाद्यांचं माप काढलं. ही लहान हातवाद्यं दिसतात. त्यानुसार आवाजाची परवानगी घेतली आहे आणि तुम्हाला शांत विभागात जागा दिली आहे.

"शांत विभाग म्हणजे मानाची जागा असेल," शशिकांतकाका म्हणाले. "व्हीआयपी शांतच बसतात."

मिरवणुकीचा दिवस लखलखीत उजाडला. पथक फेटे बांधून, ढोल गाडीतून उतरवून, शाळेमागच्या मैदानात आलं. शांत विभागात आधीपासून गावातल्या घोडेस्वारी क्लबची तट्टं उभी होती. शेपट्यांना रिबिनी, पाठीवर लहान मुलं. त्यांची पुढारीण फेमके, गुंजनच्याच वयाची, काडीसारखी, काळ्या कोटात; अगदी गुंजनच्या फोनमधल्या गुंजनसारखी. तिने ढोल बघितले, तट्टांकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरली.

नाक्यावर टेबल टाकून हेंक बसला होता. समोर प्लास्टिकमध्ये घातलेला तो फोटो.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

"ढोल-ताशा पथक," आशुतोषने छाती काढून सांगितलं. छातीबरोबर पोटही आलं.

हेंकने फोटोकडे बघितलं, पथकाकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जे दिसत नाही ते दिसत नाही असं म्हणणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

"नाही," तो म्हणाला. "ते अजून यायचे आहेत."

"अहो, आम्हीच ते."

"ही वाद्यं ती नाहीत. माणसंही ती नाहीत. झेंडेवाले गृहस्थ थोडे जुळतात, पण फोटोत त्यांची टोपी मोठी आहे." त्याने फोटोच्या मधोमध बोट ठेवलं. "मला ही बाई दाखवा. ही इथे आहे का?"

डमरूएवढा ढोल कमरेला बांधून, काडीसारख्या दंडांनी टिपरू उगारून, फोटोतली गुंजन हसत होती.

आशुतोष म्हणाला, पांढऱ्या कपड्यात माणूस जाड दिसतो, शास्त्रीय कारण आहे. प्रतीकने हात पाठीमागे घेतले. शशिकांतकाका पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, माणसं तीच आहेत, ऋतू बदलला आहे. मागच्या गटांची रांग लांबत चालली. कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

मंजूषाकाकू गुंजनच्या कानाशी लागल्या. "ऐक. त्याला सांग, ती मुलगी आजारी पडली. तिच्याऐवजी तू आलीस. बदली म्हणून. काय बिघडतंय, आत तरी जाऊ."

गुंजनने काकूंकडे बघितलं. काकू मनापासून बोलत होत्या, हेच वाईट होतं. दोन वर्षं तिने ती फोनमधली पोरगी खाऊ-पिऊ घालून वाढवली होती, आणि आता तिच्याच जागेवर तिला बदली म्हणून उभं करत होते. घामाने भिजून, हाताला घट्टे पाडून, उशी बडवून ठेका पक्का केला तो हिने. आणि रजेचा अर्ज टाकायचा त्या भवानीच्या नावाने.

तिने झब्ब्याच्या बाह्या खांद्यापर्यंत दुमडल्या. सावकाश, नीट घड्या घालून. मग टेबलापाशी गेली.

"ही बाई येणार नाही," ती हेंकला म्हणाली. "ही बाई नाहीच. मी फोनमध्ये बनवली. मी ही आहे. हे दंड माझे आहेत. फोटोतले सगळेच बनवलेले आहेत आणि भिंतसुद्धा त्यातच वाकली. भिंत कायम सरळ होती. तुझा वेळ गेला, त्याबद्दल माफ कर."

मागून "अगं अगं" असा सामुदायिक उसासा आला.

हेंकने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "का केलंत?"

"बारीक दिसायला."

त्याने यावर खरोखर विचार केला. मग फोटोवर बोट टेकवून, कुणाचाही अपमान करायचा नसल्यासारख्या आवाजात, विचारलं:

"पण मग ढोल कोण उचलणार होतं?"

हा प्रश्न दोन वर्षांत तिला कुणी विचारला नव्हता. आई नाही, काकू नाही, ते बदाम पाठवणारे शेकडो तर नाहीच नाही. बारीक हो, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. झाल्यावर ढोल कोण उचलेल, याची चौकशी मोजणी खात्यातल्या एका म्हाताऱ्याने केली.

"कुणीच नाही," गुंजन म्हणाली. आणि लगेच पुढे, "हे बघ, आम्हाला आत घे की नको घेऊस, तो तुझा हक्क. पण या तट्टांशेजारी मी वाजवणार नाही. एक ठोका पडला की वरची पोरं कालव्यात जातील."

फेमकेने मान जोरात हलवली. हेंकने फोन लावला, एकाशी बोलला, मग दुसऱ्याशी. आवाजाची परवानगी घरांच्या भागात नव्हती. पण मिरवणुकीचा शेवटचा टप्पा दुकानांच्या रस्त्यावरून जात होता, तिथे बँडला मुभा होती. तिथून पथकाला मिरवणुकीत शिरता येणार होतं. सगळ्यांत मागे. त्यांच्यानंतर फक्त रस्ता झाडायची गाडी.

"कचऱ्याच्या गाडीपुढे?" आशुतोषचा चेहरा काळवंडला. "आपला गणपतीत मान असतो रे."

"आशुतोषदादा, वाजवायचंय की मान पाहिजे?"

"वाजवायचंय."

"मग मी मधे. चल."

पुढचं बघायला न थांबता ज्यांनी त्या दिवशी घरी लवकर जायची घाई केली, त्यांचं नशीब फुटकं. सजवलेली ट्रॅक्टरं गेली, तुतारीवाले गेले, तट्टं गेली. लोक घड्या घातलेल्या खुर्च्या काखेत मारून निघालेच होते. आणि दुकानांच्या कोपऱ्यावर ताशाने तर्री दिली.

गुंजनने पहिला ठोका टाकला. बंद हॉलमध्ये जो आवाज डोक्यावर परत आदळायचा, तो इथे सुटला तो थेट पवनचक्कीपर्यंत गेला. दुसऱ्या ठोक्याला चीजच्या दुकानाच्या काचा थरथरल्या. तिसऱ्याला काखेतल्या खुर्च्या पुन्हा उघडल्या. ढोल पोटावर आदळत होता, पट्टा कमरेत रुतत होता, आणि तिचा उजवा हात खांद्यापासून सुटून वर जाऊन खाली येत होता, सगळ्या जगासमोर, उघडा, भरलेला, उन्हात घामाने चमकणारा. हालत होता तो दंड. हालणारच. दंड आहे, दाराची कडी नाही. डावी बाजू एका गावाला निघाली की ती एक ठोका दाबून टाकायची आणि डावी बाजू मुकाट्याने परत यायची. चौथ्या मिनिटाला प्रतीकच्या हाताला मुंग्या आल्या. त्याने मान वळवली, तिचा हात बघितला आणि दात आवळून तिच्या हाताबरोबर हात टाकत राहिला. आशुतोषने पोट आत ओढणं सोडून दिलं. सुटलेलं पोट आणि ढोल यांचं असं जमलं, की आयुष्यात पहिल्यांदा त्याचा ठेका लागला.

लोक पथकामागे चालायला लागले. मग आणखी लोक. झाडायची गाडी मागे अडकली. ड्रायव्हरने पहिल्यांदा भोंगा वाजवला, मग त्याच भोंग्याने ताल धरला. ज्या मिरवणुकीचं शेपूट म्हणून पथकाला जोडलं होतं, तिला आता सगळ्या गावाचं शेपूट फुटलं. शशिकांतकाका ध्वज असा नाचवत होते, की त्यांचा फेटा सुटला, आणि तो त्यांनी सुटू दिला. हेंक पदपथावरून मोठी पावलं टाकत बरोबर चालत होता, हातात आवाज मोजायचं यंत्र. आकडा बघत होता आणि तो कुणाला सांगत नव्हता.

चौकात शेवटचा गजर झाला, तेव्हा गुंजनला दोन्ही हात आहेत की नाहीत हे कळत नव्हतं. ती ढोल उतरवून त्यावरच बसली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद. समोर पंधरा-वीस फोन तिच्यावर रोखलेले, आणि तिला तोंड फिरवायचा कंटाळा आला. तिने मान वर करून सरळ त्या फोनांकडे बघितलं, आणि बघतच राहिली, जोवर ते एकेक करून खाली गेले नाहीत.

मंजूषाकाकू आल्या. तिच्या दंडाकडे बघितलं. सवयीने तोंड उघडलं.

"दंड..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. गुंजन वाट बघत राहिली. काकूंनी झांज खाली ठेवली. "चेपून देऊ का गं जरा?"

"द्या."

काकू दंड चेपत असताना तट्टं क्लबच्या गाडीत चढवून फेमके आली. तिला ढोल बांधून बघायचा होता. गुंजनने पट्टा तिच्या कमरेला बांधला आणि हात सोडला. फेमके ढोलासकट खाली बसली. हसत हसत उठली, पुन्हा उचलायला गेली, पुन्हा बसली.

"रोज उचलतेस तू हा?"

"रविवारी."

"फोटो?" फेमकेने फोन काढला. दोघी ढोलाला टेकून उभ्या राहिल्या. फोटो निघाला. फेमकेने तो बघितला आणि तिचं बोट आपोआप पडद्यावर सरकायला लागलं. गुंजनला ते ॲप लांबूनही ओळखता आलं. दोन वर्षांचा संसार होता.

"तुझं तुला काय करायचं ते कर," ती म्हणाली. "माझ्या दंडाला बोट लावायचं नाही."

"तुझ्या नाही लावत." फेमकेने फोन तिच्यापुढे धरला. थोडीशी ओशाळली होती, पण थांबली नव्हती. पडद्यावर तिचे काडीसारखे हात बोटभर रुंद झाले होते आणि अजून होत होते. "माझे मोठे करतेय. तुझ्याशेजारी फारच हे दिसतंय."

गुंजनने तो फोन तिच्या हातातून घेतला, बंद केला आणि तिच्या कोटाच्या खिशात घातला.

"रविवारी फुलांच्या गोदामामागे ये, सराव असतो," ती म्हणाली. "आणि जेवून ये. उपाशी माणसाला आम्ही ढोल देत नाही."